एरंडेल आणि सुई
मुलाच्या विमानाचे चिमुकले एंजिन आम्ही मोठ्या हौसेने हाती घेतले. मेथॅनॉलमध्ये एरंडेल मिसळलेले त्याचे इंधन. बाळपणी नाक दाबून प्यालेले एरंडेल येथे दट्ट्याचे रक्षण करते! दीड व्होल्टच्या बॅटरीने प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार तापवावयाची. एंजिन चालू लागले की बॅटरी काढली तरी मेथॅनॉलच्या संगतीत ती धगधगत राहते.

इंधनाची सुई आवळताच आवाज चढला. येथून ती किंचित सैल करावयाची असते. कारण नाक वर होताच इंधनाचा ओघ रोडावतो. पण काटकसरीच्या टिपणीस सरावलेले आम्ही, तशीच ठेवली.

विमान चढले आणि एंजिन गप्प झाले. चिरंजीव काहीच बोलले नाहीत. पंखाचे तुकडे मात्र त्यांनी आम्हांस उचलू दिले नाहीत.