वहीतले शब्द

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शिमग्याचे दिवस होते. पोलादपूरच्या डोंगराळ भागातील एका वाडीतून सत्तरीचे एक आजोबा महाडला माझ्या दवाखान्यात आले. सोबत सणासाठी मुंबईहून आलेला नातू होता. बाहेर बाकावर गर्दी होती. प्रश्न मी आजोबांना विचारला, उत्तर नातवाने दिले, "कालपासून ॲसिडिटी झालीय, डॉक्टर. पुरणपोळी जास्त झाली." आजोबा खाली मान घालून म्हणाले, "बाय, छातीवर पाटा ठेवल्यागत वाटतंय." नातू हसला. मीही थोडी हसले असावे. रक्तदाब पाहिला, पोट दाबून पाहिले, आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. कार्डिओग्रामचे यंत्र पलीकडच्याच खोलीत होते. त्या रात्री आजोबा गेले.

शवविच्छेदन झाले नाही. त्यामुळे तो हृदयविकारच होता असे मी शपथेवर सांगू शकत नाही. तो नव्हता, असे स्वतःला समजावण्याचे धैर्यही मला कधी झाले नाही. हृदयाचा रक्तपुरवठा अडला म्हणजे तीव्र कळ येतेच असे नाही. ओझे, दडपण, आवळल्यासारखे वाटणे, ही त्याची नेहमीची भाषा आहे. वृद्धांत आणि मधुमेहींत तर कित्येकदा नुसता घाम, धाप किंवा अकारण गळाठा एवढेच दिसते. हे सारे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते. आजोबांनी तेच एका शब्दात सांगितले आणि मी नातवाचा शब्द कागदावर लिहिला.

त्यानंतर मी एक दोनशे पानी वही घेतली. रुग्णाला बोलता येत असेल तर आधी त्याचेच ऐकायचे आणि त्याचा शब्द जसाच्या तसा टिपायचा, एवढाच नेम केला. वही भरत गेली तसे ध्यानात आले की आपण 'चक्कर' म्हणून ज्या एका खणात सारे टाकतो, त्यात माणसे किती निरनिराळे भोग सांगत असतात! कुणाचे घरच गरगर फिरते. तिथे कानाच्या आतल्या भागाकडे पाहावे लागते. कुणाच्या डोळ्यांपुढे उठताक्षणी अंधारी येते. तिथे रक्तदाबाच्या गोळ्या जास्त होत आहेत का, रक्त कमी आहे का, हे पाहायचे. कुणाचा नुसता तोल जातो. तिथे साखर आणि बी-१२ तपासायचे. तळपाय भगभगणे वेगळे, मुंग्या येणे वेगळे आणि चालताना पोटरी भरून येऊन थांबताच उतरणे तर अगदीच वेगळे; ती पायाच्या रक्तवाहिनीची तक्रार असू शकते. हल्लीची तरुण मंडळी 'पेन', 'गॅस' आणि 'वीकनेस' या तीन शब्दांत सारे आटोपतात. त्यांचा दोष नाही. पण तपासण्या मात्र वाढतात.

आजोबांच्या पत्नीही पुढे रक्तदाबासाठी माझ्याकडेच येऊ लागल्या. का, ते मला कधी विचारवले नाही. एकदाच म्हणाल्या, "त्यांनी तुला सांगितलं होतं ना, बाय?" मी म्हणाले, "हो आजी, सांगितलं होतं." त्या विषयावर आमचे पुन्हा बोलणे झाले नाही. त्यांचे गुडघे थकल्यावर दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी मी त्यांच्या वाडीवर जाऊ लागले.

2021 च्या जुलैमध्ये, 22 तारखेला, सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडमध्ये शिरले. दवाखान्यातील औषधे, यंत्र, कागद, सारे चिखलात गेले. वहीचा लगदा झाला. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे घरे गाडली गेली. तिथे वहीचे दुःख ते काय करायचे? पण पुढचे कित्येक महिने माणसे पाठदुखी, छातीची धडधड, उडालेली झोप घेऊन येत राहिली आणि उठता उठता म्हणत, "करमत नाही, डॉक्टर." हा शब्द मी पूर्वी सोडून दिला असता. आता पुन्हा बसवून घेऊन विचारू लागले, "कधीपासून?" औषधाची गरज त्यांतल्या काहींनाच होती, पुन्हा बसण्याची जवळजवळ सर्वांनाच.

नवी वही आजींच्या पडवीत सुरू झाली. आधीचे शब्द आठवून मी सांगायचे, राहिलेले त्या घालायच्या आणि चुकले की रागवायच्या. "ठणका म्हंजे काय कळ आहे का?"

आजी गेल्या श्रावणात गेल्या. आता मी सत्तावन्न वर्षांची आहे. ओळखीच्या औषधाचे नाव ऐनवेळी जिभेवर अडते आणि हात धुताना आठवते. असे झाले की वाचकांपैकीही अनेकांना धास्ती वाटत असेल. नाव उशिरा आठवणे हा बहुधा वयाचा परिणाम असतो. तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, रोजच्या रस्त्यावर चुकणे, नेहमीचा हिशेब न जमणे, हे मात्र घरच्यांनी नोंदवावे आणि डॉक्टरांना सांगावे. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, उदासी, कमी ऐकू येणे अशी सुधारता येण्याजोगी कारणेही त्यामागे असू शकतात. माझ्या तपासण्या मी करून घेतल्या आहेत, ठीक आहेत.

तरीही एक शब्द काही केल्या आठवत नाही. दिवसभर वाकून भाताची लावणी केल्यावर रात्री कमरेत जे होते, त्याला आजींचा एक खास शब्द होता. दुखणे नव्हे, उसणही नव्हे. त्या दिवशी पेन गाडीत राहिले होते आणि मी म्हटले, पुढच्या बुधवारी लिहू. आजींच्या जाऊबाई अजून त्याच घरात आहेत; वय नव्वदीकडे, ऐकू कमी येते. या बुधवारी त्यांच्याजवळ बसून मोठ्याने विचारणार आहे. पेन आताच पर्समध्ये टाकले आहे.