खिडकीची शेपटी

परवा ऑफिसचा एक प्रोग्राम अडकला आणि माझा हात सवयीनं दुसरी खिडकी त्याच्यावरून ओढू लागला. शेपटी उमटलीच नाही. पडदा नुसता फिकट पडला. मला चक्क वाईट वाटलं.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात दादाचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथलं विंडोज ९८ हटकून हँग व्हायचं. दादा कपाळाला हात लावून बसे आणि मी एररची पाटी माउसनं धरून गरागरा फिरवत असे. पाटीमागं पाट्यांची शेपटी, नागमोडी, पडदा भरेपर्यंत. "खेळ मांडलायस का?" म्हणून दादा ओरडायचा, पण बघत तोही राहायचा.

तेव्हा सगळे प्रोग्राम एकाच पडद्यावर थेट रंगवत. वरची खिडकी सरकली की खालच्या प्रोग्रामला निरोप जाई: उघडा पडलेला भाग पुन्हा काढ. पडद्याला स्वतःची आठवण नव्हती. अडकलेला प्रोग्राम निरोप वाचतच नसे, म्हणून ती शेपटी.

२००६ च्या अखेरीस विंडोजचे प्रोग्राम रचण्यासाठी डब्ल्यूपीएफ आलं, तोवर मीही कोड लिहून पोट भरू लागलो होतो. या फ्रेमवर्कमध्ये रंगवत बसायचं नाही, सांगायचं: इथं बटण, त्यात मजकूर, भोवती रेघ. सांगितलेल्याचं झाड ते जपून ठेवतं आणि एक वेगळा थ्रेड ते डायरेक्टएक्समार्फत ग्राफिक्स कार्डाकडून रंगवून घेतो. मापसुद्धा पिक्सेलमध्ये देत नाहीत, इंचाच्या ९६ व्या भागात देतात. त्याच सुमाराच्या विंडोज व्हिस्टानं प्रत्येक खिडकीचं चित्र वेगळं राखून मग एकत्र मांडायला घेतलं. शेपटी संपली.

सांगितलेलं जपून ठेवण्यावरून मला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचं चतुर्भुज मंदिर आठवतं. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात फुलबागेचं माप आहे, २७० हात बाय १८७ हात, आणि रोजच्या ५० माळा. लोक २७० आणि ५० मधलं शून्य बघायला येतात. मी १८७ पाशी थांबतो. त्याच्याशिवाय चौकोन पुरा होत नाही. बाग केव्हाच गेली, तरी दोरी घेऊन आजही आखता येईल. फुलं कोणती लावायची, ते मात्र आपणच ठरवायचं.

दादाला फोन लावला. शेपटी त्याला आठवेना. "पण फीचं रजिस्टर आहे हं माझ्याकडे," तो म्हणाला. त्यात सख्ख्या भावाची फी अजून बाकी दाखवली आहे.