टाकीत उतरणाऱ्याचा परवाना

मागच्या आठवड्यात ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. शेतात फार्महाऊस झालंय, आता नातवंडांसाठी छोटा स्विमिंग पूल करायचाय. "तुम्ही सगळ्या ऑफिसांत फिरता, परवानगी काय काय लागते तेवढं सांगा भाऊ. उद्या कुणी नोटीस चिकटवायला नको."

आधी हसूच आलं. २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलेला माणूस जालन्यात पूल म्हटलं की हसणारच. पण प्रश्न रास्त होता. परवानगी आधी विचारणारा माणूस आपल्याकडे तसा दुर्मिळच, म्हणून नीट चौकशी करायची ठरवलं.

बांधकामाचं सोपं आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि मोजके भाग सोडून राज्यभर एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे. पूल नकाशात दाखवायचा, नकाशा मंजूर करून घ्यायचा. शेतघराला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एकरभर जमीन लागते. पूल घरच्यांपुरता आहे तोवर ठीक. तासावर भाड्याने दिला, तिकीट लावलं, की तो धंदा झाला आणि परवान्यांचा वेगळाच अध्याय सुरू झाला.

पाण्याचं बघा. वीस बाय दहा फूट, चार फूट खोल पूल धरला तर साधारण साडेबावीस हजार लिटर पाणी. मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर उडालं तरी पावणेदोनशे लिटरच्या वर गेलं. हे पाणी बोअरमधून येणार. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ ला. त्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल बोअरला बंदी आहे. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याने नोंदणी करायची आहे. आता तुमच्या शिवारातला शेवटचा बोअर किती फुटांवर थांबला ते आठवा. पुढचं मी लिहीत नाही.

विजेचा कारभार त्यातल्या त्यात बरा. वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं, हाताखालच्या माणसाकडे तारतंत्रीचा परवाना हवा, ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट असल्याशिवाय महावितरणचं नवीन मीटर मिळत नाही. हा रिपोर्ट कित्येकदा घर न बघताच मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. तरी निदान कागदावर एक नाव असतं, उद्या काही झालं तर विचारता येतं.

मग मी विचारलं, पूल झाल्यावर त्याची देखभाल कोण करणार? पाणी गाळणारा, औषध टाकणारा, तळ घासणारा माणूस? त्याला कुठला परवाना?

उत्तर मिळालं, "त्याला कशाला परवाना? तो तर साफसफाईवाला."

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात पूलच्या कामाचे ठेकेदार कायद्यानेच तीन प्रकारचे केलेत. मोठे सार्वजनिक पूल बांधणारा वेगळा, घरगुती पूल बांधणारा वेगळा आणि फक्त देखभाल-दुरुस्ती करणारा वेगळा. तिसऱ्यालाही लायसन्स. कॅलिफोर्नियात बांधणाऱ्याचा वर्ग वेगळा, निगा राखणाऱ्याचा वेगळा. तिथलं सगळं आपल्याकडे आणा असं म्हणणारा मी नाही. तिथे घरोघरी पूल आहेत म्हणून त्यांना ते सुचलं.

पण खरं सांगू का, घरोघरी पूल आपल्याकडेही आहे. फक्त तो जमिनीखाली आहे आणि त्यात कुणी पोहत नाही.

जालन्यात घर बांधणारा माणूस पाया खोदतानाच हौद खोदतो. घाणेवाडीचं पाणी कमी पडलं, जायकवाडीची पाइपलाइन झाली, २०२३ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी हौद काही गेला नाही. नळ रोज येत नाही, मग साठवायचं कुठे? त्यामुळे पाच-दहा हजार लिटरचा बंदिस्त खड्डा प्रत्येक घराखाली आहे. वर दीड-दोन फुटांचं झाकण. शेजारी, बहुतेक ठिकाणी त्याच बोळात, सेप्टिक टँक. आणि या दोन्हींत उतरणारा माणूस बऱ्याचदा एकच.

आमच्या हौदात यंदा उतरला तो पंचविशीतला पोरगा. एका हातात बादली, दुसऱ्या हातात खराटा आणि ॲसिडची बाटली. सातशे रुपये ठरले. झाकण काढलं की लगेच पाय आत टाकायला निघाला. म्हटलं, थांब जरा, हवा जाऊ दे. तर म्हणे, "काही होत नाही काका, रोजचंच आहे. अजून दोन घरं करायचीत." पंखा लावून अर्धा तास त्याला ओट्यावर बसवून ठेवलं. चहा झाला. दोरी बांध म्हटलं तर लाजला. दोरी बांधली की जनावरासारखं वाटतं म्हणे. ॲसिड मात्र मी आत नेऊ दिलं नाही.

हे "काही होत नाही" किती खोटं आहे ते आपल्या अवतीभवतीच बघा.

मे २०२३. शेजारचा परभणी जिल्हा, सोनपेठ तालुक्यातला भाऊचा तांडा. शेतातल्या घराचा सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार गेले. कारखाना नाही, महापालिकेचं गटार नाही, साधं घरगुती काम.

एप्रिल २०२४. नेवासा तालुक्यातलं वाकडी. शेणाच्या स्लरीच्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. एक उतरला, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. पाच गेले. एक वाचला, त्याच्या कमरेला दोरी होती.

मार्च २०२५. मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार मजूर गुदमरून गेले. पाण्याची टाकी, मैल्याची नव्हे. आपण सगळे नेमके इथेच गाफील असतो.

साध्या पाण्याच्या टाकीत माणूस का मरतो? हवेत प्राणवायू असतो २१ टक्क्यांच्या आसपास. साडेएकोणीसच्या खाली गेला की जागा धोक्याची. बंद टाकीत लोखंड गंजतं, गाळ कुजतो, शेवाळ सडतं आणि हे सगळं आतला प्राणवायू खातं. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस नुसता बसतो आणि आडवा होतो. त्यात कुणी पाणी उपसायला पेट्रोलचं इंजिन आत सोडलं तर धुरातला विषारी वायू तिथेच कोंडतो. कुणी ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र केलं तर क्लोरीन वायू सुटतो. पूलच्या औषधांचंही हेच, दोन डबे एकमेकांत मिसळायचे नाहीत, पण डब्यावरचं इंग्रजी वाचणार कोण? सेप्टिकमध्ये हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर नाक जागं असतं. वायू वाढला की नाक मरतं आणि माणसाला वाटतं, वास गेला, आता ठीक आहे.

आपल्या म्हाताऱ्यांना यातलं थोडं कळत होतं. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायचे, विझला तर उतरायचं नाही. लिंबाची फांदी दोरीला बांधून वर-खाली करून हवा हलवायचे. पण हे विहिरीपुरतं बरं का. सेप्टिक टँकवर ज्योत नेऊ नका, तिथल्या वायूचा भडका उडतो. आणि कंदील जळत राहिला म्हणजे विषारी वायू नाही, असंही नाही.

आता कायदा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. संरक्षण साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हे फक्त महापालिकेला किंवा ठेकेदाराला लागू नाही. "कोणतीही व्यक्ती" असं लिहिलंय, म्हणजे तुम्ही-मी सुद्धा. गटारात मृत्यू झाला तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ला दहा लाखांची भरपाई सांगितली होती, ऑक्टोबर २०२३ ला ती तीस लाख केली.

पण पिण्याच्या पाण्याचा हौद या कायद्यात बसत नाही. तिथे कुणी गेलं तर न्याय संहितेचं कलम १०६, निष्काळजीपणाने मृत्यू. म्हणजे माणूस गेल्यावर. तो जाऊ नये म्हणून आधी विचारणारं कुणी नाही. बटण बसवणाऱ्याला परवाना, मीटरला टेस्ट रिपोर्ट, आणि दहा हजार लिटरच्या बंद खड्ड्यात उतरणाऱ्याची साधी नोंद नाही.

परवाना म्हटलं की मलाही धास्ती वाटते. आपल्याकडे परवाना म्हणजे आणखी एक खिडकी, आणखी एक एजंट, आणि सातशे रुपयांवर पोट असलेल्या पोराच्या मागे आणखी एक भिडू. त्याला दंड करून काही साधणार नाही. भार टाकायचा तर घरमालकावर आणि काम लावणाऱ्यावर टाका. त्या पोराला पाहिजे दोन दिवसांचं प्रशिक्षण, ओळखपत्र, विमा, आणि वॉर्डात भाड्याने मिळणारे तिवई, पट्टा, ब्लोअर आणि वायू मोजायचं यंत्र. महापालिकेने हे अग्निशमन विभागाकडे ठेवलं तरी चालेल.

व्यापारी मित्राला मी सगळं लिहून पाठवलं. शेवटी एक ओळ घातली, की पूलला झाकण नसलं तरी पंप आणि फिल्टरची खोली जमिनीखाली असेल तर तिथेही हाच नियम, आणि ॲसिड-क्लोरीन एका खोलीत ठेवायचं नाही. आणि कुंपण आधी, पाणी नंतर. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घसरलेल्या पोरांच्या बातम्या मी पुष्कळ लिहिल्यात.

येत्या सोमवारी महापालिका आयुक्तांना निवेदन देतोय. मागण्या तीनच: टाकी आणि सेप्टिक साफ करणाऱ्यांची मोफत नोंदणी व प्रशिक्षण, प्रत्येक झोनला साधनांचा एक संच, आणि सेप्टिक उपसणाऱ्या व्हॅक्यूम गाडीचा दर व नंबर वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर ठळक अक्षरात. सफाईसाठी देशभर जाहीर झालेला नंबर १४४२० आहे, तोही लावून बघा. सकाळी अकरा वाजता महापालिकेच्या गेटवर भेटू. तुमच्या गल्लीत टाक्या धुणारं कुणी असेल तर त्याला घेऊन या. त्या दिवशीची त्याची मजुरी बुडणार, ती आपण वर्गणीतून देऊ.