मास्तरांचा गुडघा

शनिवारी कचेरी सुटली, की बाकीची मंडळी भाजीची पिशवी घेऊन घर गाठीत आणि आम्ही चौघे पाठीवर बोचकी टाकून कल्याण. “अहो, जिना चढताना धापा टाकता, आणि हे कसले डोंगर!” ही आमच्या घरची टीका ठरलेली. डब्यातल्या डिंकाच्या लाडवांत मात्र कधी खंड पडला नाही.

१९८७च्या डिसेंबरात नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड गाठायचे ठरले. पाचनईकडून गडावर सुखाने जाता येते. पण सुखच हवे, तर घरी काय वाईट? आमच्यातले मास्तर शाळेत भूगोल शिकवीत. इतकी वर्षे मुलांना कोकणकडा सांगितला, तो एकदा डोळ्यांनी पाहायचा, ही त्यांची हौस.

रात्री सावर्ण्याला एस.टी. सोडली, बेलपाड्यात एका ओसरीवर कुडकुडत पडलो आणि फटफटताच निघालो. ही वाट म्हणजे वाट नव्हेच. कड्याच्या बगलेतली, धोंड्यांनी भरलेली घळ. तिथे ऊन लवकर उतरत नाही. खडक हाताला लागतो तो बर्फाच्या लादीसारखा.

मधल्या एका कातळटप्प्यावर माझे पाऊल हलेना. कमरेला दोर होता, वरून मित्र खोबण दाखवीत होते. पण खाली पाहिले आणि पाय लटपटू लागले. भीतीपेक्षा लाज मोठी. माझ्यापायी चौघांचा दिवस बुडणार!

तोच मास्तर माझ्याशेजारी उतरले. “माझाही गुडघा कुरकुरतोय हो. तुम्ही सोबत असाल, तर मी परत फिरतो.”

वरच्यांनी दोराने आम्हांला खाली सोडले आणि ते दोघे पुढे गेले. परतताना दुखऱ्या गुडघ्याचा हा माणूस धोंड्यांवरून पोरासारखा उड्या घेत होता. मी पाहिले; विचारण्याचा धीर झाला नाही. जूनमध्ये त्यांची दूर बदली झाली.

गेल्या हिवाळ्यात नातवाबरोबर पाचनईच्या वाटेने गडावर गेलो. केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच उभा आहे. नातवाने गार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घातली. मी काठावरूनच हात जोडले. संध्याकाळी कड्यावर पालथे पडून खाली पाहिले, आणि घरी आल्यावर मास्तरांना पत्र लिहून सारे कबूल केले.

आठव्या दिवशी कार्ड आले: ‘गुडघा तेव्हा उत्तम होता. आता मात्र खरेच कुरकुरतो. पाचनईवरून नेणार असाल, तर येतो. लाडू आणा.’