काकांची कॅम्पर

गेल्या डिसेंबरात इंदूरला मावशीकडे जाणे झाले. राजवाडा आणि सराफ्यातल्या खाण्यावर पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी लिहितो एका गाडीविषयी. मावशीच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, त्यांची १२ वर्षे वापरलेली फोर व्हील ड्राइव्ह बोलेरो कॅम्पर विकायची होती. महूच्या पुढे त्यांची शेती आहे. आता गुडघे साथ देत नाहीत.

आपल्या गोंयकाराला वाटेल, शेतीला चारही चाके ओढणारी गाडी कशाला? आपल्या जांभ्यातून पाणी झिरपून जाते. माळव्याची काळी माती मात्र पाणी धरून बसते आणि पावसाळ्यात चाकांना अशी लपेटते की साधी गाडी जागची हलत नाही. या कॅम्परने बटाटा, लसूण चोइथराम मंडीत पोचवला. मागच्या हौद्याला लसणाचा वास अजून आहे.

दलाल नको, हा काकांचा हट्ट. देपालपूरकडचा एक शेतकरी आला. सरळ गाडीखाली झोपून तेल गळते का पाहू लागला. काकांनी न विचारताच सांगून टाकले, थंडीत फोर व्हीलचा लिव्हर अडकतो आणि मागचा डावा पाटा बदललेला आहे. मला वाटले, आता भाव पडणार! पण उलट घासाघीसच थांबली. साडेतीन लाखांवर सौदा मिटला.

अडले ते पुढे. ‘‘कागज तो होते रहेंगे, भिया,’’ पाहुणा म्हणाला आणि काकांनी मान डोलावली. मी कारकून माणूस, मला राहवेना. नोंदीत नाव असेल तोच कायद्याने मालक. २००७ साली विकलेली एक गाडी पुढे हातोहात फिरली, नोंद मात्र बदललीच नाही. २००९ मध्ये तिने अपघात केला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावरच टाकली. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. म्हणून फॉर्म २९ आणि ३० आताच भरू, आणि ताबा दिल्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहू, असे मी म्हटले.

‘‘भरोसा नहीं है क्या?’’ पाहुणा चहा ठेवून उठलाच. काका माझ्यावर उखडले, ‘‘दारात आलेल्या माणसाला असं विचारतात?’’ शेवटी मावशी मध्ये पडली. ‘‘उद्या चलान आलं तर उन्हात आरटीओच्या रांगेत तुम्हीच उभे राहणार ना?’’ तिचे मराठी पाहुण्याला किती कळले कोण जाणे, पण तो हसला आणि त्याने पेन मागितले.

किल्ली देताना काका त्याला एवढेच म्हणाले, की चिखलात उतरायच्या आधी लिव्हर टाक, रुतल्यावर नको.

फेब्रुवारीत मावशीचा फोन आला. काका रोज मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून पाहायचे. तिथे मालकाचे नाव अर्धे फुल्यांनी झाकलेले असते. त्या सकाळी पहिले अक्षर बदललेले दिसले.