चिंचोळी ते गोदूताई, पायी

सोलापूरचा माणूस चालायला नाखूष असतो असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल. संक्रांतीच्या सुमारास पांढरी बाराबंदी घालून तो सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांमागून ६८ लिंगांची फेरी घालतो आणि वर कुठे दुखतेय असे म्हणत नाही. उरलेले वर्षभर मात्र कोपऱ्यावरच्या पानपट्टीलाही स्कूटर काढतो. ऊनच तसे. आमच्या चिंचोळी एमआयडीसीत तर गेटापासून स्टोअरपर्यंत चालत आलेला मनुष्य पोहोचेतो निम्मा वाळलेला असतो. मी त्या स्टोअरचा वीस वर्षांचा कीपर, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

तेव्हा कारखान्याच्या महिला दिनाला यंदा ‘चालायचे’, असा ठराव कँटीनमध्ये आला तेव्हा सर्वांच्या हातातला चिवडा हातातच राहिला. एरवी आमचा महिला दिन म्हणजे रांगोळी, संगीत खुर्ची आणि प्रत्येकीला स्टीलचा डबा. डब्यांची खरेदी स्टोअरकडे असते, एवढ्याच पुण्याईवर मी समितीत असतो.

ठराव अकौंट्समधल्या मुलीचा होता. ती कोरियन मालिका पाहते. आमच्या घरीही त्या चालतात. त्यातला नायक कोण आणि नायिका कोण हे मला तिसऱ्या भागापर्यंत उमगत नाही. पण ही मुलगी मालिकांवरून इतिहासात शिरली. म्हणाली, तिकडे स्वातंत्र्यासाठी लढलेल्या बायकांच्या खुणा दाखवत गल्लीबोळांतून लोकांना फिरवतात. मग तिने यू ग्वान-सुनची गोष्ट सांगितली. १ मार्च १९१९ला कोरियात जपानी राज्याविरुद्ध लोक उठले. ही शाळकरी पोर त्यात होती. शाळा बंद झाल्यावर गावी गेली आणि १ एप्रिलला भर बाजारात निदर्शने केली. आईबाप गोळीबारात गेले. ती सोलच्या तुरुंगात २८ सप्टेंबर १९२०ला वारली, तेव्हा सतरा वर्षांची होती. जेजू बेटावरच्या, समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या बायकाही १९३२ साली जपान्यांविरुद्ध उठल्या म्हणे.

कँटीनमध्ये क्षणभर कुणी चिवडा चावला नाही.

“मग आपणही अशी फेरी काढू,” पर्सोनेलचे साहेब म्हणाले. “पहिला थांबा चार हुतात्मा पुतळे!”

सोलापुरात कुठलीही गोष्ट तिथूनच सुरू होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३०च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघे फासावर गेले. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते.

“पण साहेब, हे चौघे पुरुष आहेत,” अकौंट्सची मुलगी म्हणाली.

साहेबांनी हे प्रथमच ऐकल्यासारखा चेहरा केला. मग नावे सुचू लागली. झाशीची राणी. बरोबर, पण ती झाशीची. विट्याकडच्या फिटरने हौसाताई पाटलांचे नाव काढले, आणि मग त्याला आवरेना. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही लेक. १९४३ साली भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर तिने एका सहकाऱ्याला नवरा बनवून भांडणाचे सोंग आणले. नवरा धोंडा उचलून डोक्यात घालायला निघाला, पोलीस सोडवायला बाहेर धावले, आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. सोंग खरे वाटावे म्हणून बाईने मारही खराच खाल्ला.

“फारच छान,” साहेब म्हणाले, “पण सांगली जिल्हा. आपल्या हद्दीत येत नाही.” हद्दीचा मुद्दा काढायला साहेबांना पोलीस खात्यातच घ्यायला हवे होते.

अशी पाऊण तास शोधाशोध चालली. कपबशा गोळा करणाऱ्या मावशी इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “गोदूताई चालतील का? मी गोदूताईतच ऱ्हाते की.”

हे मात्र सगळ्यांना ठाऊक होते. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ साली त्या वेळचे पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन घरे देऊन गेले, तीच. आम्ही सगळेच ‘गोदूताईला जातो’ म्हणतो, जसे अक्कलकोटला जातो म्हणतो. पण ही गोदूताई कोण?

“पावतीवर नाव हाय,” मावशी म्हणाल्या. “गोदावरी परुळेकर. सासू विड्या वळायची, तिच्या नावानं घर. पुढचं मोर्चातल्या बाया सांगायच्या.”

पुढचे मावशींनी सांगितले आणि अकौंट्सच्या मुलीने भर घातली. जन्म पुण्याचा, १९०७. कायद्याची पदवी घेतलेली महाराष्ट्रातली पहिली बाई. वकिली करून गडगंज व्हायचे सोडून १९३२ साली सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. १९४५ला ठाण्याच्या जंगलात वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. त्यावर लिहिलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तक आमच्या घरी आहे. ते लिहिणारी बाई आणि रिक्षावाले ज्या नावाने ओरडतात ती गोदूताई एकच, हे मात्र घरात कुणी बोलले नव्हते. विडी कामगार बायांच्या पुढारी मीनाक्षीताई साने यांच्या नावाचीही वसाहत आहे. पुतळे पुरुषांचे आणि पत्ते बायकांचे, अशी सोलापूरची वाटणी दिसते.

फेरी निघाली. चिंचोळी शहराच्या एका टोकाला, कुंभारी दुसऱ्या टोकाला. म्हणून चिंचोळी ते पुतळे कंपनीच्या बसने आणि पुतळ्यांपासून पुढे चालत, अशी तडजोड झाली. त्यातही अक्कलकोट रोडला साहेबांनी रिक्षा केली. उरलेल्या आम्ही सत्तावीस जणांनी घामाघूम होऊन मावशींचे दोन खोल्यांचे घर गाठले. मावशींनी अंगणात सतरंजी टाकली होती. सासूबाई सुपात तेंदूची पाने घेऊन बसलेल्या. गप्पा मारताना त्यांची कात्री थांबत नव्हती. तेलुगू वळणाच्या मराठीत त्यांनी विचारले, “चालत का आले? बस मिळाली नाही?”

अकौंट्सच्या मुलीने त्यांना यू ग्वान-सुनची गोष्ट पुन्हा सांगितली. सासूबाईंनी एक विडी पुरी वळून तिला दोरा बांधला.

“त्या पोरीच्या नावानं तिकडं घरं बांधली का?”

“स्मारक आहे, आजी.”

“स्मारकात ऱ्हाता येत नाही की,” सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेला म्हणाल्या, “स्टोरवाल्यांना आणखी चहा दे. लई घामेजलेत.”