रुळाची राखण

विकाराबादहून परळीकडे निघालेली गाडी भालकी, कमालनगर मागं टाकून उदगीरला लागते, तेव्हा डब्यात कन्नड, तेलुगू, उर्दू आणि मराठीची सरमिसळ झालेली असते. ही लाईन निजामाच्या राजवटीत पडली आणि 1966 साली दक्षिण मध्य रेल्वेत आली. तिच्यावर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, उभी हयात काढली.

1972 च्या दुष्काळात अप्पा विशीत होते. शेतात ज्वारी करपली, विहिरींनी तळ दाखवला. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची, दुपारी सुकडी खायची, रात्री मिलोची लाल भाकरी. पुढं रेल्वेत रोजंदारीवर लागले तर तिथंही वाट्याला खडीच आली. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. ज्या खडीनं दुष्काळात जगवलं तीच जन्माला पुरली, असं म्हणायचे. यथावकाश कायम झाले, गँगमनचे कीमन झाले. वस्तीतले लोक त्यांना चावीवाला म्हणत.

कीमननं रोज आपली हद्द पायी तपासायची. जाताना एक रूळ, परतताना दुसरा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरव्या झेंड्या, फटाक्यांची डबी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. गाड्यांच्या हादऱ्यानं रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या हळूहळू सरकतात. सुटलेली चावी ठोकून जागेवर बसवायची. घट्ट चावी खणकन वाजते, ढिली बद्द वाजते. अप्पांना वाकून बघावं लागत नसे, कान पुरे. उन्हाळ्यात लोखंड फुगून रूळ वाकायला बघतो, थंडीत आखडून त्याला तडा जातो. म्हणून वैशाखातली दुपार आणि पौषातली पहाट, दोन्ही डोळ्यांत तेल घालून काढाव्या लागत.

तडा सापडलाच, तर लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेनं खडीतून पळायचं. 600 मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा, 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन. चाक वरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. आम्हा भावंडांना हा हिशेब पाढ्यांच्या आधी पाठ होता.

हीच नजर घरातही फिरायची. दाराची कडी, सायकलची चेन, दप्तराचा बंद, आईच्या चपलेचा अंगठा. तुटल्यावर धावपळ करण्यापेक्षा ढिलं झाल्याबरोबर हात लावावा, हा त्यांचा खाक्या. पगार झाला की आधी किराण्याची उधारी, मग आमची फी, उरलंच तर स्वतःसाठी बनियन. थोरली बहीण उदयगिरी महाविद्यालयात शिकत होती. तिचं गणित अडलंय हे घरात सगळ्यांच्या आधी अप्पांनी ओळखलं. अभ्यास करताना ती पुटपुटायची, ते त्यांना दोन दिवस ऐकू आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले ते अंघोळही न करता तिला सायकलवर डबलसीट घेऊन शिकवणीला सोडून आले.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीनं दमलेलं गाव झोपेत होतं. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. फळीवरची भांडी कोसळली, आम्ही अंगणात धावलो. अप्पांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आम्हाला मोजलं, आईच्या खांद्यावर चादर टाकली आणि हातोडा उचलला. "घर उभं आहे. लाईन उभी आहे का बघून येतो," एवढंच बोलले. भूकंपानं उद्ध्वस्त झालेल्या किल्लारीचं नाव तोवर कुणाच्या कानावर आलं नव्हतं. दुपारी परतले तेव्हा धोतराला चिखल होता. लाईन ठीक होती. मग आकाशवाणीच्या बातम्या ऐकत ते भिंतीला टेकून बसले आणि संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत.

2012 ला अप्पा निवृत्त झाले. आता सिमेंटचे स्लीपर आले, चाव्यांच्या जागी स्प्रिंगच्या क्लिपा आल्या, रुळाच्या पोटातली भेग शोधणारी यंत्रं आली. तरी कीमनची पायपीट सुटलेली नाही. आपली गाडी सुखरूप पोचते, तेव्हा कुणीतरी पहाटे उठून ती वाट पायाखाली घातलेली असते. त्या माणसाचं काम चोख झालं तर कुणालाच दिसत नाही. म्हणूनच ते मुद्दाम सांगावं लागतं.

ही माणसं आजही काम करता करता गाडीखाली सापडतात. वळणावर, धुक्यात, पावसाच्या आवाजात मागून आलेली गाडी ऐकू येत नाही. गाडी जवळ येत असल्याची आगाऊ सूचना देणारं उपकरण आता निघालेलं आहे. ते प्रत्येक कीमनच्या आणि प्रत्येक गँगच्या हाती पडलं पाहिजे. हजारो घरांची माणसं रोज सुखरूप पोचवणाऱ्याला त्याच्या घरीही सुखरूप पोचता यावं, एवढं आपण सगळ्यांनी रेल्वेकडे हक्कानं मागितलं पाहिजे.